आज कोणता पक्षी दिसला?

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय ६६. दहा वर्षांचा मधुमेह, कुरकुरणारे गुडघे, आणि पत्नी गेल्यापासून उडालेली झोप. मुलगा पुण्याला, सून नोकरीत. घरात दोन खोल्या, एक टीव्ही आणि गुरुजी. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, झोपेची गोळी तेवढी वाढवून द्या."

मी म्हटले, "फिरायला जाता का?"

"तुम्ही मागच्या तीन खेपांना सांगितलंत. मी तीनदा सुरुवात केली. चौथ्या दिवशी कंटाळा येतो. नुसतं चालायचं म्हणजे काय करायचं?"

त्यांचे बरोबर होते. "रोज अर्धा तास चाला" हे वाक्य आम्ही डॉक्टर मंडळी इतक्यांदा लिहितो की, ते औषधाच्या चिठ्ठीवर छापूनच घ्यावे. पण माणूस पायांनी चालतो तसा कुतूहलानेही चालतो, हे आम्ही विसरतो. मी सहज विचारले, "तळ्याकडे जाता तेव्हा तिथे काय दिसतं?"

"पाखरं असतात."

"कोणती?"

गुरुजी थबकले. पस्तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाला उत्तर येईना. "बगळे असतील," म्हणाले. मी गोळी वाढवली नाही. म्हटले, "पुढच्या वेळी पाच पक्ष्यांची नावं आणा. नाव ठाऊक नसेल तर वर्णन आणा."

पंधरा दिवसांनी गुरुजी नातवाची अर्धी कोरी वही घेऊन आले. तीत ११ पक्षी होते. तीन नावे चुकली होती. एका ठिकाणी लिहिले होते : "पांढरे अंग, काळे पंख, काडीसारखे लांबलचक गुलाबी पाय. चिखलात असा चालतो जणू धोतर वर धरले आहे." हा शेकाट्या. यापेक्षा चांगले वर्णन मी पुस्तकातही वाचलेले नाही.

आता खरे सांगतो. गुरुजींची मधुमेहाची गोळी आजही चालू आहे, तिची मात्राही तीच आहे. पक्षी पाहून मधुमेह बरा होतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण गुरुजी आता रोज तळ्यावर जातात, आणि झोपेच्या गोळीचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

पाहणे अर्धे, सांगणे अर्धे

या सदरातून आहार, व्यायाम, रक्तदाब यांविषयी नेहमीच लिहितो. आज एक मत मांडायचे आहे. पक्षी पाहणे आरोग्याला चांगले आहे, हे आता बहुतेकांना मान्य होईल. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे. पाहिलेले कोणाला तरी सांगितले पाहिजे आणि लिहून ठेवले पाहिजे. त्यातला निम्मा गुण सांगण्यात आहे.

पाहण्याचा गुण आधी पाहू. पक्षी पाहायचा म्हणजे सकाळी लवकर उठणे आले. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीरातील घड्याळाला वेळ लागते आणि रात्रीची झोप वेळेवर येते. पक्षी दिसेपर्यंत थांबावे लागते, पुन्हा चालावे लागते, मान वर करावी लागते, कान द्यावा लागतो. जवळचे पाहून थकलेल्या डोळ्यांना लांबचे पाहण्याची विश्रांती मिळते. नाव आठवायचे म्हणजे स्मरणशक्तीलाही काम मिळते.

मनाचे म्हणाल, तर लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२९२ जणांना त्यांच्या मोबाइलवर दिवसातून अनेकदा विचारले जाई : आत्ता पक्षी दिसतो किंवा ऐकू येतो आहे का, आणि मन कसे आहे? पक्षी दिसल्या-ऐकल्यावर लोकांना बरे वाटत होते आणि हा परिणाम काही तास टिकत होता. उदासीनतेचे निदान झालेल्यांमध्येही तो आढळला. औषध बंद करावे असा याचा अर्थ नव्हे. औषधासोबत घ्यायची ही गोष्ट आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता सांगण्याचा गुण. एकटेपणा हा आमच्या गावांत वाढलेला आजार आहे. त्याची तक्रार कोणी करीत नाही. लोक डोकेदुखी, अपचन, छातीत धडधड अशा नावांनी तो घेऊन येतात. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या कट्ट्यावर कान द्या. कोणाची साखर किती, कोणाला कुठे स्टेंट बसवली, याखेरीज बोलणे नाही. दुखण्याची देवाणघेवाण करून माणसे दुखणे घेऊनच घरी जातात. त्याऐवजी एकाने नुसते म्हणावे, "आज दयाळ गात होता हो, चिंचेच्या शेंड्यावर," आणि दुसऱ्याने म्हणावे, "आमच्या परसात शिंजीरानं कोळ्याचं जाळं तोडून नेलं, घरटं बांधतोय बहुतेक." बोलण्याला दुसरी दिशा लागते. ऐकणाराही उद्या चिंचेकडे पाहतो.

आपल्याकडे हे नवे नाही. पावशा ओरडला की शेतकरी शेजाऱ्याला सांगत असे, पेरते व्हा. टिटवीने अंडी बांधावर घातली की खोलगट जागी, यावरून पावसाचे अंदाज बांधले जात. ते अंदाज खरे ठरत की नाही हा प्रश्न वेगळा. पण पक्षी हा गावातल्या बोलण्याचा विषय होता. तो आपण हरवला आहे.

"साळुंकीत काय सांगायचे?"

यावर नेहमी एक आक्षेप येतो. "डॉक्टर, आमच्या अंगणात साळुंकी, बुलबुल, होला आणि कावळा. यात सांगण्यासारखं काय? फ्लेमिंगो दिसला तर सांगू." फ्लेमिंगो पाहायला लोक भिगवणला जातात, नांदूर-मधमेश्वरला जातात. जरूर जावे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूर-मधमेश्वर हे तर महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ आहे. पण माझे मत असे की, दुर्मिळ पक्ष्यापेक्षा रोजच्या पक्ष्याची नोंद अधिक मोलाची आहे. याचे कारण गिधाडांनी आपल्याला शिकवले आहे.

चाळीस वर्षांपूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. ती इतकी नेहमीची होती की, ती मोजावीत असे कोणाच्या मनातही येत नसे. १९९०च्या दशकात ती दिसेनाशी होऊ लागली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडांच्या जुन्या नोंदी ठेवलेल्या होत्या, म्हणून ही घट आकड्यांनी दाखवता आली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली.

कारण सापडले ते माझ्या टेबलाच्या खणात. डायक्लोफिनॅक! गुडघेदुखीला आम्ही देतो तेच औषध. दुखणाऱ्या गाईबैलांनाही ते टोचले जात होते. असे जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००४ मध्ये हे सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय निघाला. २०२३ मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवरही जनावरांसाठी बंदी आली. दरम्यान गिधाडांनी सोडलेली मेजवानी मोकाट कुत्र्यांनी घेतली, आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोका वाढला असे अभ्यासक सांगतात. एक पक्षी गेला आणि त्याची किंमत माणसाच्या आरोग्याने मोजली. गावोगावच्या कोणी "आज पाच गिधाडे, आज तीन, आज एकही नाही" असे लिहून ठेवले असते, तर ही धोक्याची घंटा कितीतरी आधी वाजली असती.

चिमणीची गोष्ट उलटी आहे. "चिमण्या संपल्या" असे जो तो म्हणतो. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन २०१०पासून साजरा होतो, आणि त्यामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचे प्रयत्न आहेत, ही आपल्या अभिमानाची बाब. पण भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२०चा अहवाल पाहिला, तर मोठ्या शहरांत चिमणी घटली असली तरी एकंदर देशात तिची संख्या बरीचशी स्थिर असल्याचे दिसते. २०२३च्या पुढील अहवालासाठी ३० हजारांवर पक्षी पाहणाऱ्यांच्या सुमारे ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा विचार झाला. या नोंदी करणारे सारे शास्त्रज्ञ नव्हते. त्यांत तुमच्या-माझ्यासारखे गच्चीवरून पाहणारेही होते. नोंद बेफिकिरीला जागे करते आणि उगाच भीतीलाही आवर घालते. आजाऱ्याच्या तापाच्या तक्त्याचे काम याहून वेगळे काय असते?

तळ्याची नाडी

आता आमच्या गावच्या तळ्याकडे येतो, कारण हा लेख लिहिण्याचे खरे निमित्त तेच आहे.

गुरुजींच्या वहीत दिवाळीनंतर एक गंमत दिसू लागली. शेकाट्यांचा आकडा वाढत होता : सहा, चौदा, तीस. गुरुजी खूष. त्याच वेळी कमळपक्ष्यापुढे शून्य येऊ लागले होते. तीन आठवडे सलग शून्य. त्यांनी विचारले, "तळं सुधारलं की बिघडलं?" शेकाट्या घाण पाण्यातही मजेत राहतो; सांडपाण्याच्या उथळ डबक्यांवर त्याचे थवे दिसतात. म्हणून आम्ही दोघे एका रविवारी नाला जिथे तळ्याला मिळतो तिथे जाऊन पाहिले. नव्या वस्तीचे सांडपाणी सरळ तळ्यात येत होते. कमळवेल कुजली होती. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास वाढतो आणि तोच हत्तीरोग पसरवतो. म्हणजे गुरुजींच्या वहीतले ते शून्य पक्ष्याविषयी जेवढे सांगत होते तेवढेच नाल्याकाठच्या घरांविषयी सांगत होते.

असे शून्य किती महत्त्वाचे असते याचे आणखी एक उदाहरण. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. नमुने तपासले तेव्हा बर्ड फ्लू निघाला आणि प्रशासनाने त्या जागा बंद करून निर्जंतुक केल्या. आपल्या राज्याला हा रोग नवा नाही. देशातील पहिली साथ २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांतच आढळली होती. रस्त्यावर पडलेला कावळा ओलांडून जाणारे गाव आणि "आज चार कावळे मेलेले दिसले" असे कळवणारे गाव, यांत कोणते गाव अधिक निरोगी हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आमच्या तळ्याचे आता सुशोभीकरण व्हायचे आहे. चारही बाजूंनी दगडी भिंत, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, दिवे आणि कारंजे असा आराखडा आहे. याला विरोध करावा तर माझेच रुग्ण माझ्यावर रागावतील, आणि त्यांचा राग खोटा नाही. पावसाळ्यात त्या निसरड्या काठावर पडून मांडीचे हाड मोडलेल्या एका आजींना मी स्वतः जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले आहे. वृद्धांना सपाट रस्ता हवाच. पण तळ्याचा चिखलाचा उतरता काठ हाच पक्ष्यांच्या जेवणाचे ताट आहे. वंचक, शेकाट्या, धोबी, टिटवी हे सारे तिथेच चरतात. चारही बाजू बांधल्या की कारंजे राहील, पण पाहायला काही उरणार नाही. आणि मग गुरुजींसारख्यांना चौथ्या दिवशी पुन्हा कंटाळा येईल.

गुरुजींनी आपल्या वहीतून एक तक्ता काढला. कोणत्या काठावर कोणता पक्षी किती वेळा दिसला, एवढेच. बहुतेक नोंदी पश्चिमेच्या काठावरच्या होत्या. तो तक्ता घेऊन आम्ही आठ-दहा जण नगरपालिकेत गेलो. मागणी साधी होती : पूर्वेला आणि दक्षिणेला रस्ता करा, पश्चिमेचा काठ मातीचा राहू द्या, आणि पहिला खर्च सांडपाणी वळवण्यावर करा. "पक्ष्यांसाठी तळं सोडायचं का?" असे एकाने विचारलेच. उत्तर आहे, पक्ष्यांसाठी नव्हे, आपल्यासाठीच. पश्चिमेच्या काठाचे काम तूर्त थांबले आहे. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. पण आमच्या हातात नुसती तक्रार असती तर अर्ज फायलीत गेला असता. वही होती म्हणून निदान आराखडा टेबलावर उघडला गेला.

काही पथ्ये

औषधाबरोबर पथ्य सांगणे माझे काम आहे.

१. कबुतरांना मुठीमुठीने दाणे टाकून गर्दी जमवू नका. त्यांची विष्ठा आणि पिसे यांची धूळ श्वासातून गेल्याने काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते आणि ती वाढली तर फुप्फुसे कायमची घट्ट होतात. २०२५ मध्ये मुंबईच्या कबुतरखान्यांवरून वाद न्यायालयापर्यंत गेला, त्यामागे हाच प्रश्न होता. दमेकऱ्यांनी तर फारच जपावे.

२. पक्ष्यांसाठी पाणी जरूर ठेवा, पण पसरट भांड्यात, आणि ते रोज बदला. आठवड्यातून एकदा भांडे कोरडे करून घासा. नाहीतर पक्ष्यांऐवजी डेंग्यूच्या डासांची सोय होईल.

३. मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, मुलांना शिवू देऊ नका. एकाच भागात अनेक पक्षी मेलेले दिसले तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

४. पक्षी दिसल्याचे सांगा, घरट्याचा पत्ता मात्र सांगत सुटू नका. विशेषतः घुबड आणि पिंगळा यांचा. अंधश्रद्धेपायी त्यांचे बळी अजूनही घेतले जातात. फोटोसाठी घरट्याजवळच्या फांद्या तोडू नका.

५. संक्रांतीला नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नका. तो पक्ष्याचे पंख कापतो आणि दुचाकीवरील माणसाचा गळाही.

सुरुवात कशी करावी?

दुर्बीण नसली तरी चालते. एक वही घ्या आणि चार रकाने आखा : तारीख-वेळ, जागा, पक्षी, संख्या. रोज १५ मिनिटे पुरेत. अंगण, गच्ची, शाळेचे मैदान, दवाखान्याबाहेरचा कडुनिंब, कोणतीही जागा चालेल. फक्त शक्यतो तीच जागा आणि तीच वेळ ठेवा. काही दिसले नाही तर "काही नाही" असेही लिहा. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना खिडकीची वही द्या. त्यांना ऐकू येणारा तांबटाचा टुक-टुक आवाजही नोंदच आहे. जमणाऱ्यांनी फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या पक्षीगणनेत भाग घ्यावा. २०१३पासून भारतातही ती होते आणि १५ मिनिटांची गणनाही तिला चालते. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालीम अलींचा जन्मदिन. चितमपल्ली २०२५ मध्ये गेले, पण पक्ष्यांची मराठी नावे आपल्या ओठांवर ठेवून गेले.

नाव ठाऊक नसण्याची लाज बाळगू नका. सालीम अली लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी हे घरात कोणाला सांगता येईना, म्हणून तो मुलगा ती घेऊन मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला हसून घालवले नाही. पेटीतले पक्षी काढून दाखवले. एका मुलाने "हे काय आहे?" असे विचारले आणि एका मोठ्या माणसाने वेळ दिला, एवढ्यावर या देशाला त्याचा पक्षितज्ज्ञ मिळाला. तुमच्याकडे असा प्रश्न घेऊन कोणी आले तर वेळ द्या, एवढीच विनंती.

गुरुजी गेल्या आठवड्यात तपासणीला आले होते. बाकावर शेजारी एक आठवीतला मुलगा आईबरोबर बसला होता. मी आतून पाहतो तो दोघांची डोकी एका वहीवर वाकलेली. मुलगा सांगत होता, "आजोबा, तो कोतवाल असणार. शेपटी फाटलेली होती ना?" गुरुजींनी खिशातून पेन काढले आणि पस्तीस वर्षांत प्रथमच एका विद्यार्थ्याकडून आपली चूक दुरुस्त करून घेतली. माझ्या कंपाउंडरने त्यांचे नाव दोनदा पुकारले, ते त्यांना ऐकू गेले नाही.

यापुढे आपणही दवाखान्यात आलात, तर रक्तदाब मोजण्याआधी मी विचारीन : आज कोणता पक्षी दिसला? उत्तर तयार ठेवा. साळुंकी दिसली असेल तरी चालेल.